दोन मिसली

बोरघाट उतरून जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीच्या सपाटीला लागतो, त्या परिसरातला हा शिळफाटा. कल्याण-मुंब्र्याकडे याच नावाचा जो फाटा आहे तो वाहतूक-कोंडीच्या बातम्यांमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाला. आमचा फाटा त्या मानाने अप्रसिद्ध, आणि द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाल्यापासून घाट चढण्यापूर्वी दम घेणाऱ्या मालमोटारींची रांगही येथे पूर्वीसारखी राहिलेली नाही. तथापि महाराष्ट्राच्या धार्मिक जीवनाचे एक विशिष्ट अंग ज्याला जवळून पाहावयाचे असेल त्याने या टापूत काही काळ काढावा. एका बाजूस महडचा वरदविनायक, दुसऱ्या बाजूस पाताळगंगेच्या काठी गगनगिरी महाराजांचा आश्रम, गावोगावहून पंढरीची वाट चालणाऱ्या दिंड्या, रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या परिपाठाप्रमाणे दासबोधाचे निरूपण ऐकणाऱ्या बैठका, आणि या सर्वांच्या अधेमध्ये, हिरव्या-पिवळ्या पाट्या मिरविणारी सरकारमान्य देशी दारूची दुकाने. येथे कोणी माळ घातली म्हणून दारू सोडतो, कोणी बैठकीला जाऊ लागला म्हणून सोडतो, कोणी गणपतीपुढे नारळ ठेवून शपथ घेतो, आणि कोणी, हे सारे करून पुन्हा गुत्त्यात सापडल्यावर, जेथे देवाचे नाव आपापल्या समजुतीप्रमाणे घेण्याची मुभा असते अशा मद्यपींच्या मीटिंगला जाऊन खुर्चीवर बसतो.

वाट कोणतीही असो, माणूस आपली हकिकत सांगू लागला की ती बहुधा दोन वाक्यांपाशी येते. पहिले वाक्य असे, की बाप पिऊन यायचा, आईला आणि आम्हाला मारायचा, तेच पाहत मी वाढलो. दुसरे असे, की गेल्या जन्मीचे काही देणे असणार, भोगल्याशिवाय सुटका नाही. ही दोन वाक्ये इतक्या सलगपणे उच्चारली जातात की ऐकणाऱ्याला त्यांतील विसंगती जाणवत नाही. परंतु पहिल्यात दुःखाचे कारण बाप आहे आणि दुसऱ्यात ते कारण मी स्वतः आहे, आणि ही दोन्ही विधाने एकाच अर्थाने खरी असू शकत नाहीत. या विसंगतीचा विचार केल्यावाचून व्यसनातून उठलेल्या माणसाच्या धर्मजीवनाला स्थैर्य येत नाही, असे मला वाटते.

कर्मसिद्धांत हा आपल्या परंपरेतील गंभीर विचारांपैकी एक आहे, आणि त्याचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. सृष्टीत सुखदुःखाची वाटणी लहरीने होत नाही, संचितातून प्रारब्ध उत्पन्न होते आणि क्रियमाणातून पुढचे संचित, ही कल्पना प्रौढ मनुष्याला संकटात जो धीर देते तो काही खोटा नव्हे. पण हाच सिद्धांत सात वर्षांच्या मुलाला लावून पाहावा. रात्री कडी वाजते. आई ओट्यावरची भांडी मुकाट्याने उचलून मोरीत नेऊन ठेवते, कारण ती फेकली जातात. मुलगा गोधडीत झोपेचे सोंग घेऊन पडलेला असतो, तरी त्याला ओढून उठविले जाते, कारण बापाला आज पाढे विचारावयाचे असतात. एकोणतिसाचा पाढा मध्येच अडतो आणि कमरेचा पट्टा निघतो. दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेच्या वाटेवर एकोणतिसाचा पाढा घोकतो, कारण त्याची अशी मनोमन खात्री झालेली असते की काल पाढा आला असता तर मार चुकला असता. तो पाठ होतो, आणि मग निमकी विचारली जाते.

या मुलाला पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धांत कोणी शिकविण्याची गरजच नाही. तो त्याने आपल्या बुद्धीने आधीच शोधून काढलेला असतो. एडिंबरो येथील मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न याने 1943 साली लिहिलेल्या एका निबंधात या गोष्टीचे जे विवरण केले आहे ते धर्मविचार करणाऱ्यांनी आवर्जून वाचण्यासारखे आहे. छळ सोसलेल्या मुलांना घराविषयी विचारले असता ती आईबापांना वाईट म्हणावयास तयार नसतात, स्वतःला मात्र तत्काळ वाईट म्हणतात, असे त्याला आढळले; आणि त्याची त्याने केलेली मीमांसा धर्माच्या परिभाषेत आहे. ज्या जगावर चांगल्या देवाची सत्ता आहे तेथे पापी होऊन राहणे मुलाला परवडते, कारण पाप्याला निदान सुधारण्याची आशा असते. जेथे सत्ताच दुष्टाची आहे तेथे निष्पाप राहूनही काही आशा उरत नाही. म्हणून ते मूल दोष स्वतःकडे ओढून घेते आणि त्या मोबदल्यात जगाला न्यायी ठेवते. बाप न्यायी ठरावा म्हणून स्वतः अपराधी होणे, हा त्या लहानग्या जिवाने केलेला पहिला धर्मव्यवहार.

यावर आई जेव्हा सांगते की हे गेल्या जन्मीचे भोग आहेत, तेव्हा ती मुलाच्या चुकीवर शास्त्राचा शिक्का मारते. आईला मी दोष देत नाही. ज्या घरातून निघून जाण्यास तिला माहेर नव्हते, जवळ पैसा नव्हता आणि फिर्याद कोठे द्यावी हेही ठाऊक नव्हते (कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला, तोवर कितीएक आयांचे आयुष्य सरून गेले होते), त्या घरात दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटविण्याइतके बळ तिला या समजुतीनेच दिले. परंतु आईचा आधार हा मुलाच्या बाबतीत निवाडा ठरला, एवढे म्हणावेच लागते.

पुढे तो मुलगा मोठा होतो. मिसरूड फुटण्याच्या वयात, बापाच्याच बाटलीतले उरलेले घोटभर घेऊन म्हणा किंवा कारखान्याच्या पहिल्या पगाराला मित्रांबरोबर म्हणा, पिऊ लागतो, आणि पंचविशी-तिशीपर्यंत बापाच्या जागी जाऊन बसतो. आता भांडी मोरीत नेऊन ठेवणारी त्याची बायको असते. त्याला जाब विचारला की तो म्हणतो, रक्तातच आहे, नशिबात होते, बापाने शिकविले. तोच सिद्धांत आता उलटा चालविला जातो. जेथे तो निर्दोष होता तेथे त्याला त्याने दोषी ठरविले, आणि जेथे तो दोषी आहे तेथे त्याची निर्दोष सुटका केली. जमीन-महसुलाच्या कचेरीत ज्याने कधी काम केले आहे त्याला ठाऊक आहे की एका मिसलीतला कागद दुसऱ्या मिसलीत लागला म्हणजे दोन्ही प्रकरणांचा विचका होतो. येथेही मिसली दोन आहेत. एकीत हा इसम फिर्यादी आहे आणि बाप आरोपी. दुसरीत हाच इसम आरोपी आहे आणि फिर्यादी त्याची बायकामुले. पहिलीतली कैफियत दुसरीत बचावासाठी दाखल करता येत नाही, आणि दुसरीतला गुन्हा शाबीत झाला म्हणून पहिलीतली फिर्याद खोटी ठरत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो विचारपूर्वक घेतला पाहिजे. बापाच्या मारात वाढलेला मुलगा पुढे पितो यात काहीच कार्यकारणभाव नाही काय? आहे. अमेरिकेतील फेलिटी, आंडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नऊ हजारांहून अधिक प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले होते. मारहाण, अवहेलना, लैंगिक छळ, आईवर होणारा हात, घरातील व्यसन, वेड, तुरुंगवास अशा सात प्रकारच्या आपत्तींपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्यास आल्या होत्या त्यांच्यात मद्यासक्ती, मादक द्रव्ये, विषण्णता आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण, ज्यांच्या वाट्यास एकही आली नव्हती त्यांच्या मानाने, चार ते बारा पटींनी अधिक आढळले. हा आकडा लहान नाही. पण तो शक्यतेचा आकडा आहे, विधिलिखिताचा नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. दैव तेथे नाकारलेले नाही. त्याला पाचांत एक जागा दिलेली आहे आणि तीही शेवटची. आपल्या लोकभाषेने मात्र त्या एकालाच सारी गादी देऊन टाकली आणि उरलेल्या चौघांना बरतर्फ केले.

उरलेल्या चारांत राज्यसत्तेचाही काही वाटा निघतो, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते. इंग्रजी अमलात 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले, ते काही लोकांनी पिऊ नये म्हणून नव्हे, तर घरी न गाळता त्यांनी मक्तेदाराच्या दुकानात प्यावे म्हणून. आबकारीचा महसूल हा सरकारी जमेचा ठसठशीत रकाना होता. स्वराज्यात 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला आणि तो आजही रद्द झालेला नाही, त्यामुळे कागदोपत्री येथे परवान्यावाचून पिता येत नाही. आणि त्याच कागदांच्या आधारे दुकाने चालतात व महसूल जमा होतो. इतका विनोदी विरोधाभास तत्त्वज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही.

परंपरेत या प्रश्नाला उत्तर नाहीच असे मात्र नाही. वनपर्वातील अष्टावक्राची कथा घ्यावी. कहोड ऋषी रात्रंदिवस अध्ययन करी. पत्नी सुजातेच्या उदरातील गर्भाने त्याला सांगितले की रात्रभर पठण करूनही आपले पठण यथायोग्य होत नाही. शिष्यांसमक्ष झालेल्या या अपमानाने संतप्त होऊन बापाने शाप दिला, आणि मूल आठ ठिकाणी वाकडे होऊन जन्मास आले. या कथेतील मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही, की मुलाच्या वाकडेपणाचे कारण सांगताना व्यासांनी त्याच्या पूर्वजन्माचा उल्लेखही केलेला नाही. ज्या महाभारतात पावलोपावली पूर्वजन्मीची कारणे सांगितली जातात, तेथे हे मौन मला अर्थपूर्ण वाटते. कारण स्पष्ट आहे: बापाला राग आला. पुढे कहोड जनकाच्या सभेत बंदी नावाच्या पंडिताकडून वादात हरतो आणि पाण्यात बुडविला जातो. मूल आजोबा उद्दालकालाच बाप समजून वाढते. त्याला सत्य कळते ते एकदा उद्दालकाचा मुलगा श्वेतकेतू त्याला आजोबांच्या मांडीवरून ओढून काढतो तेव्हा. बाराव्या वर्षी तो जनकाच्या सभेत जाऊन बंदीला जिंकतो आणि बाप पाण्यातून परत येतो. मग कहोड त्याला समंगा नदीत उतरावयास सांगतो आणि त्याचे अवयव सरळ होतात.

कीर्तनकार या कथेतून पितृभक्ती काढतात. मला तिच्यात दुसरेही दिसते. ज्याने वाकविले त्यानेच नदी दाखविली, ही कथेची कृपा आहे. प्रत्यक्षात आमच्यापैकी बहुतेकांचे बाप यकृत सुजून, कोणास नदी न दाखविता गेले. तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की बापाच्या वचनावाचून समंगा लाभते काय. जो ती मीटिंगमध्ये, बैठकीत किंवा दिंडीत शोधतो तो या प्रश्नाचे उत्तर होय असे गृहीत धरून चाललेला असतो, आणि मला तो बरोबर वाटतो. परंतु त्याने बापाला पाण्यातून वर काढलेच पाहिजे, म्हणजे अगोदर क्षमा केलीच पाहिजे, अशी अट त्याला कोणी घालू नये.

क्षमेच्या या अटीविषयी नचिकेत्याचे उदाहरण नेहमी दिले जाते. बापाने रागाच्या भरात मुलाला मृत्यूला देऊन टाकले, मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी राहिला, आणि तीन वर मिळाले तेव्हा त्याने पहिला मागितला तो बापाचा क्रोध शमावा, आणि मी परतल्यावर त्याने मला ओळखून आनंदाने बोलावे, एवढाच. अग्निविद्या आणि आत्मविद्या त्यानंतर. आपण या वराची स्तुती करतो, ती रास्तही आहे. पण मारकुट्या घरात वाढलेल्या कोणालाही विचारावे, त्याने लहानपणी देवापाशी पहिले मागणे कोणते मागितले होते. तेच. नचिकेत्याने यात आपली चूक कबूल केलेली नाही, हेही लक्षात घ्यावे. वठलेल्या गाई दान देणारा बाप चुकला होता आणि मुलाने ते विचारले होते. वर मागताना त्या प्रश्नाबद्दल त्याने माफी मागितली नाही.

आता धर्मशास्त्राकडे वळतो, आणि वळताना थोडा थबकतो. मनुस्मृती ज्या महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळली गेली ते महाड याच जिल्ह्यातले (वरदविनायकाचे महड निराळे). ज्यांनी ती जाळली त्यांची कारणे पूर्ण सबळ होती. आणि त्याच पुरुषाने 1956 साली नागपुरात आपल्या अनुयायांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञाही होती. मनूने सुरापानाला महापातकांत घातले आणि त्याला उकळती सुरा पिऊन मरण्याचे प्रायश्चित्त सांगितले. अशा ग्रंथाकडे मद्यपीने कोणत्या तोंडाने जावे? तरीही अकराव्या अध्यायाच्या शेवटाकडे जे प्रायश्चित्ताचे तत्त्व सांगितले आहे ते वर्णव्यवस्थेच्या चौकटीतून मोकळे करून पाहण्याच्या योग्यतेचे आहे. पापी मनुष्य मुक्त होतो तो आपले कृत्य उघडपणे सांगून, पश्चात्तापाने, तपाने, अध्ययनाने आणि अडचणीच्या प्रसंगी दानाने. आणि पुन्हा असे करणार नाही म्हणून निवृत्त होण्याने तो शुद्ध होतो. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर-दलाल आणि एक शस्त्रवैद्य या दोन मद्यपींच्या भेटीतून जी संघटना निघाली, तिच्या बारा पायऱ्यांतही आपल्या वर्तनाची निर्भय झडती घेणे, ती दुसऱ्या माणसापुढे बोलून दाखविणे, ज्यांना इजा केली त्यांची भरपाई करणे, हाच क्रम आहे. त्या दोघांनी मनू वाचला असण्याचा संभव नाही.

पतिताला पुन्हा घरात घेण्याचा विधी तर मला फार हृद्य वाटतो. ज्याला आप्तांनी मेला असे समजून त्याच्या नावाने पाण्याचा घडा उपडा केला होता, त्याने प्रायश्चित्त केल्यावर तेच आप्त त्याच्यासह पवित्र जलाशयात स्नान करतात आणि पाण्याने भरलेला नवा घडा त्यात सोडतात. शुद्ध होणारा एकटा डुबकी मारीत नाही. घरचे सगळे त्याच्याबरोबर पाण्यात उतरतात. पुण्यात 1986 साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काढले. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही उपचारात सामील करून घेण्याची तेथली रीत पाहिली की मला हा विधी आठवतो. आणि ज्यांनी प्रायश्चित्त केले त्यांची पुढे कधी निंदा करू नये, असेही मनू बजावतो. कोरड्या राहिलेल्या माणसाला दर भांडणात जुने दिवस काढून टोचणाऱ्या नातलगांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु लगेच पुढच्या श्लोकात तो ग्रंथ एक अपवाद सांगतो, आणि तो वाचून मी चमकलो होतो. बालघातकी, कृतघ्न, शरण आलेल्याला मारणारा आणि स्त्रीघातकी, हे धर्मतः शुद्ध झालेले असले तरीही त्यांच्याबरोबर राहू नये. शुद्धी मान्य, सहवास नाही. शास्त्रकाराने येथे वधाविषयी लिहिले आहे, मारहाणीविषयी नव्हे, हे मला कळते. तरी त्याने पाडलेला भेद आमच्या प्रश्नाचा गाभा आहे: एखाद्याचे पाप फिटले की नाही हा एक प्रश्न, आणि त्याने ज्यांना इजा केली त्यांनी त्याच्यासह एका छपराखाली राहावे की नाही हा अगदी वेगळा प्रश्न. वसिष्ठाने तर पतित पित्याचा त्याग करावा, माता मात्र मुलाला कधीच पतित होत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. पित्याला देव मानावयास सांगणाऱ्या परंपरेतच ही अनुज्ञा आहे, आणि प्रवचनांतून ती कधी ऐकू येत नाही.

दारू सोडविण्यासाठी दंडाचा आश्रय करणारी धर्मबुद्धीही आपल्याकडे आहे. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी यादवबाबांच्या मंदिराच्या साक्षीने दारूबंदी घडविली. शपथा मोडून पिणाऱ्यांना देवळासमोर खांबाला बांधून फटके मारल्याचे त्यांनी कधी लपविले नाही. गावाचा त्यातून उत्कर्ष झाला हे जगजाहीर आहे, आणि ज्या बायकांचा मार त्यामुळे थांबला त्यांच्यापुढे मी तात्त्विक शंका काढणार नाही. पण ज्याने पट्ट्याच्या भीतीतच आपले बालपण काढले त्याला देवाच्या दारात पुन्हा पट्टाच दाखविला, तर तो पिणे कदाचित सोडील, देव मात्र त्याला बापासारखाच दिसेल.

गाडगेबाबांचे उदाहरण येथे येणे अपरिहार्य आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी 23 फेब्रुवारी 1876 रोजी जन्मलेल्या डेबूजीचे वडील झिंगराजी दारूच्या पायी अकाली गेले आणि सखुबाई मुलाला घेऊन माहेरी दापुऱ्यास आली, ही हकिकत पनवेलला जन्मलेल्या प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला डेबूजीने जातीचा रिवाज मोडून मद्यमांसाऐवजी गोडाचे जेवण घातले, 1905 साली घर सोडले, आणि 1956 च्या डिसेंबरात देह ठेवीपर्यंत कीर्तनातून दारूवर जे कोरडे ओढले त्यांचा आवाज अजून विरलेला नाही. बापाच्या दारूचा ओरखडा मनावर असूनही न पिणारा माणूस होऊ शकतो, याचा हा पुरावा. पण पुरावा म्हणून तो जितका मोलाचा तितकाच दंडुका म्हणून घातक आहे. बघ, त्याचाही बाप प्यायचा, तो बाबा झाला आणि तू बेवडा झालास, असे म्हणणाऱ्याने संताला फौजदार करून टाकलेले असते. झिंगराजी मुलाला मारीत असे म्हटलेले माझ्या वाचनात नाही. आणि कष्टाच्या का होईना, पण मायेच्या आजोळी तो मुलगा वाढला, ही बाब हिशेबात घेतली पाहिजे. ज्याला दापुरे मिळाले नाही त्याचे काय, याचे उत्तर चरित्रग्रंथांत सापडत नाही.

मद्यपींच्या मीटिंगमध्ये पहिली कबुली असते ती अशी, की दारूपुढे मी हतबल आहे. नवख्याला ही कबुली जबाबदारी झटकण्याचा नवा मार्ग वाटतो, आणि दासबोधाच्या बैठकीतून आलेल्याला, समर्थांच्या प्रयत्नवादावर वाढल्यामुळे, ती भित्रेपणाची वाटते. मलाही प्रथम वाटली होती. पण या कबुलीची व्याप्ती नीट पाहिली पाहिजे. पहिला पेला घशाखाली गेल्यानंतर जे होते त्याच्यापुढे मी हतबल आहे, एवढेच ती सांगते. पहिला पेला उचलावा की नाही, आज संध्याकाळी कोणत्या रस्त्याने घरी जावे, कोणाला फोन करावा, याबाबत ती मला हतबल म्हणत नाही. शरणागती आणि प्रयत्न यांचा जो झगडा वैष्णव आचार्यांनी शतकानुशतके चालविला तो येथे संध्याकाळच्या रस्त्यापुरता मिटतो. कार्ल युंगने 1961 च्या जानेवारीत या संघटनेच्या एका संस्थापकाला लिहिलेल्या पत्रात मद्याची ओढ ही खालच्या पातळीवर प्रकट झालेली पूर्णत्वाची तहान आहे असे मत दिले होते. मत थोर आहे, पण मला ते जरा जास्तच उदार वाटते. आम्ही पुष्कळसे प्यालो ते पूर्णत्वासाठी नव्हे. कडी वाजण्याचा आवाज डोक्यातून जावा म्हणून प्यालो.

‘आम्ही’ हा शब्द मी बेसावधपणे लिहिलेला नाही. एकोणतिसाचा पाढा मला अजून खडखडीत येतो. वडील गेले तेव्हा मी स्वतः इतका प्यायलेला होतो की दहाव्याचे विधी चुलत्यांनी उरकले. पुढे दारू सोडल्यावर मीटिंगमध्ये बोलावयाची पाळी आली की मी पुष्कळ काळ बापापासून आरंभ करी आणि बापापाशीच संपवी. श्रोत्यांचे डोळे भरून येत आणि माझे काम भागे. एकदा मीटिंग संपल्यावर चहा ओतता ओतता एका वृद्ध सभासदाने सौम्यपणे विचारले, “भाऊ, हे त्यांचं झालं. तुमचं कधी सांगणार?” दुसरी मिसल तेव्हा उघडली. आणि गंमत अशी, की ती उघडल्यावरच पहिली नीट वाचता आली. आपला गुन्हा लपविण्यासाठी बापाच्या गुन्ह्याची गरज उरली नाही, तेव्हा त्याचा गुन्हा त्याच्या खऱ्या मापाचा दिसू लागला. मुलाला मारणारा मनुष्य म्हणून तो लहान झाला नाही, पण माझ्या साऱ्या आयुष्याचा कर्ता म्हणून लहान झाला. पूर्वजन्माच्या हिशेबाची कल्पना त्या दिवसापासून या प्रकरणापुरती मी सोडून दिली आहे. इतरत्र ती खरी असेल; मी तिचा निकाल देणारा कोण?

भाद्रपदातल्या पक्षात वडिलांच्या तिथीला मी पान वाढतो. क्षमा केली म्हणून वाढतो असे नाही, आणि देणे म्हणूनही नाही; ते आणि मी दोघेही एकाच रोगाने आजारी होतो आणि त्यांना नदी दाखविणारे कोणी भेटले नाही, याची ती नोंद आहे. धाकटी बहीण त्या दिवशी येत नाही. तिला वसिष्ठाचे वचन ठाऊक नाही, पण तिचा अधिकार तिला ठाऊक आहे, आणि मी तिला आग्रह करीत नाही.

ज्या वचनांनी मी वडिलांच्या बाबतीत मोकळा झालो ती वचने माझ्यावरही लागू होतात, हे उमजावयास मात्र अधिक वेळ लागला. माझी पत्नी आणि मुलगी पेणला राहतात. मुलीला मी कधी पट्ट्याने मारले नाही, हे मी पूर्वी अभिमानाने सांगत असे. ती निजल्याचे सोंग घेत असे की नाही, हे मी तेव्हा पाहिलेले नव्हते. मी शुद्ध झालो असेन तर ते माझे. त्यांनी माझ्यासह राहावे की नाही हे त्यांचे. प्रायश्चित्त करणाऱ्याची निंदा करू नये हा मनूचा नियम पत्नीने माझ्याबाबत पाळला आहे, आणि सहवास देऊ नये हा अपवादही तिने, तो श्लोक न वाचता, पाळला आहे. दोन्ही ठिकाणी ती बरोबर आहे. तेव्हा बोलावल्याखेरीज मी पेणला जात नाही. बोलावले की जातो, जेवतो, मुलीच्या परीक्षांचे विचारतो, आणि संध्याकाळच्या एसटीने खोपोलीस परत येतो.